देवाला सोडलेला मेंढा

मेंढ्याच्या कपाळावरचा भंडारा पाहताच सूर्यभानच्या हातातली पाण्याची बादली निसटली. पाणी पायांखालून वाहत गेले. त्याला त्याचे भान नव्हते.

खुलताबादच्या डोंगरावर नुकतेच ऊन चढू लागले होते. मेंढवाड्याचे काटेरी फाटक सताड उघडे होते आणि बाहेरच्या माळावर तो तरुण मेंढा स्वस्थपणे चरत होता. नखशिखांत काळा, आणि कपाळी पिवळीजर्द हळद. त्या हळदीचा अर्थ तिथल्या प्रत्येक मेंढपाळाला ठाऊक होता. ज्याला ती लागली, तो देवाचा झाला. त्याला बांधायचे नाही, विकायचे नाही, कातरायचे नाही. कोणाच्याही कळपात शिरला तरी हाकलायचे नाही.

या मेंढ्यासाठी सूर्यभानने एक तप वेचले होते. मांसाला भाव येतो म्हणून सगळ्यांनी बाहेरून धिप्पाड पांढरे मेंढे आणले आणि डोंगरावरची जुनी काळी लोकर पिढीगणिक कबरी होत गेली. न रंगवता काळी राहणारी घोंगडी विणणारे काकासाहेब माग झाकून बसले. सूर्यभानने मात्र दर वर्षी सर्वांत काळी कोकरे तेवढी राखली. कधी पोटाखाली पांढरा डाग निघे, कधी पहिल्या कातरणीला आतली लोकर तांबूस निघे, आणि सारे श्रम मातीत जात. शेजारचा सर्जेराव म्हणे, "सूर्यभाना, त्यापरीस कोळसा पाळ की! त्याला चारा तरी लागत नाय." सूर्यभान हसे आणि पुन्हा आरंभ करी.

काल या मेंढ्याची पहिली कातरण झाली. लोकर अगदी कातडीपर्यंत काळी निघाली, तेव्हा सूर्यभानचे डोळे भरून आले होते. याच्यापासून आता वंश चालेल, या समाधानात तो निजला होता.

"कुणी केलं हे?" त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

त्याची पत्नी वच्छलाबाई चुलीपासून प्रसन्न मुखाने उठली. "म्या केलं. नवस व्हता माझा. बिरोबाला म्हणलं व्हतं, ह्यांच्या हाती एक निखळ काळा मेंढा दे, पहिली कातरण झाली की तुझ्याच नावानं सोडीन."

"आन् मला बोलली नायस?"

"नवस फेडायच्या आधी बोलून दाखवत्यात व्हय? अन् तुमी तरी कवा बोललात, तो कशापायी पायजे ते?"

तो बोलला नव्हता. मनीची आस उच्चारली तर दृष्ट लागते, या भयाने त्याने एवढी वर्षे ओठ मिटून ठेवले होते.

"मला वाटलं, एक आला म्हंजी मागनं आणिक येतील," ती चाचरत म्हणाली.

"त्याच्यापासनंच यायचे व्हते गं!"

आपण काय करून बसलो, ते वच्छलाबाईला आता उमगले.

एवढ्यात वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून त्यांचा मुलगा हनुमान मोटरसायकलवरून आला. काय घडले ते ऐकून तो म्हणाला, "मग धुऊन टाका की, आबा! कुणी बघितलंय? देव काय गेटावर हजेरी घेतोय?"

वच्छलाबाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो नवऱ्यापुढे ठेवून हलक्या स्वरात म्हणाली, "धुवा तुमी. पाप माझ्या माथी."

सूर्यभान स्तंभित झाला. नवसाच्या नावाने थरथरणारी ही बाई! तांब्या उचलण्यासाठी तो वाकला, आणि त्याची दृष्टी तिच्या पायांवर स्थिरावली. पायांत नव्या चपला होत्या. खोल भेगाळलेल्या टाचा त्यांत मावत नव्हत्या. उन्हातान्हात, काट्याकुट्यांत ती अनवाणीच कळपामागे हिंडे. विचारले की म्हणे, "चपल चावती मला." त्याने कधी पुन्हा विचारले नव्हते.

"हे बी... त्याच नवसाचं?"

तिने मान खाली घातली. "मेंढा सोडीस्तवर घालायच्या नाय, असं बोलले व्हते."

त्याला वाटत होते, या मार्गावर आपण एकटेच चाललो.

तो तांब्या घेऊन माळावर गेला. मेंढ्याने ओळखीने त्याचा हात हुंगला. ओल्या बोटाने एकदा पुसले, की हळद जाणार होती. पण वच्छलाबाईची अनवाणी वर्षेही त्या हळदीसवे पुसली जाणार होती. त्याने ओंजळीत पाणी धरले आणि मेंढ्याला पाजले.

पाणी पिऊन मेंढा डोलत उताराला लागला. हनुमान ओरडला, "आबा, सर्जेरावकाकाच्या कळपाकडं चाललाय बघा!"

सूर्यभान दचकून उभा राहिला. देवाच्या मेंढ्याला सर्जेरावही हाकलू शकणार नव्हता. कोणीच हाकलू शकणार नव्हते. ज्या कळपात तो रमेल, त्या कळपात काळी कोकरे जन्मणार होती.

मग त्याने काठी उचलली आणि वाड्यातल्या साऱ्या मेंढ्या बाहेर काढल्या.

"अवं, न्याहारी तरी?" वच्छलाबाईने विचारले.

"मागनं घेऊन ये. चपला चावल्या तर हातात घे," तो म्हणाला आणि आपला कळप घेऊन त्या काळ्या मेंढ्याच्या मागोमाग उतरू लागला.