बंपरमागची नाल

मी नाल बोलतेय. राघू मेंढपाळाच्या हरणी घोडीची, पुढच्या उजव्या पायाची. पेठच्या नालबंदानं मला ठोकलं तेव्हा हरणी फुरफुरली आणि राघूनं तिची मान थोपटली. त्यातलं थोडं थोपटणं माझ्याही वाट्याचं, असं मी धरून चालले.

मेंढरांमागं सगळं बिऱ्हाड हरणीच्या पाठीवर असायचं. भांडी, घोंगड्या, दमलेली कोकरं, वर कोंबडी. माळशेज उतरून कोकणात जायचं ते आमच्याच जिवावर. मग हरणी म्हातारी होऊन गेली आणि राघूनं जुनी, छोटी जीप आणली. तिला दृष्ट लागू नये म्हणून मला पुढच्या बंपरच्या आत तारेनं टांगलं. सवतीच्या राखणीला मी! सांगा, कसं सोसायचं?

राघू रोज तिची काच पुसायचा. दगडाधोंड्यांचा चढ ती चढली की म्हणायचा, "लई गुणाची हाय." हरणी जन्मभर तोच चढ चढली, तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा. वर्षभरात तार सैल पडली आणि मी बंपरवर आपटू लागले. टक, टक, टक. मुद्दाम म्हणा हवं तर. जीप गेली की दारात पुन्हा घोडी येईल, एवढंच माझ्या मनात होतं.

राघूला वाटलं, इंजिनच ठोकतंय. गाडी पेठला सूरज मिस्त्रीकडं गेली. त्यानं ऑइल पाहिलं, मग प्लगच्या वायरी एकेक काढून कान लावला. वायर निघाली की इंजिन जास्तच हादरायचं आणि मी जास्तच वाजायचे.

"बेअरिंग गेलंय, तात्या. इंजिन उतरवावं लागंल."

राघू मटकन खाली बसला. "मंग इकूनच टाकतो. बघतो एखादी घोडी."

मी देव पाण्यात घालून बसले होते, ते पावले! पण मागच्या सीटवरून राघूची बायको चिमाबाई म्हणाली, "आवं, पेट्रोल वाचवाया उताराला तुमी इंजिन बंद करताय न्हवं? तवाबी ह्ये वाजतंय की!"

सूरजनं कपाळावर हात मारला. वाकून बंपरच्या आत चाचपलं आणि मला ओढून काढलं.

"ही भवानी वाजतीय, तात्या!" म्हणत त्यानं मला भंगारात भिरकावायला हात उचलला.

"थांब की राव!" राघू ओरडला. "पाय हाय त्यो माझ्या हरणीचा."

त्यानं मला तळहातावर घेतलं, अंगठ्यानं चिखल काढला. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा माझ्याभोवती गुंडाळून त्यानं मला पुन्हा जागेवर करकचून बांधलं.

आता जीप सुखानं पळते. घोडी काही आली नाही. माझा मत्सर गेला असं खोटं सांगणार नाही, अजून जळतेच. राघूतात्या, तुमच्या जीपचं खुशाल कौतुक करा. फक्त अधूनमधून हरणीचं नाव मोठ्यानं घेत जा. मला आता वाजून आठवण करून देता येत नाही.