लाल पाणी आणि गंगूची जट

"लाल! अगं बाई, लाल झालं!" काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत नळाभोवती जमलेल्या बायांनी एकदम हात जोडले. मधोमध पाटावर माझी अकरा वर्षांची गंगू बसली होती. तिच्या हळद लावलेल्या डोक्यावरून परातीत लालभडक पाणी उतरत होतं. मी, तिचा बाप नामदेवराव, कचेरीतला कारकून, कडेला उभा होतो. मला काही वाटलं नाही. खरं सांगतो, सात महिन्यांपूर्वी बायको तारामती विषमज्वरानं गेली, तेव्हापासून मला कशाचंच काही वाटत नव्हतं. छप्पन सालचा ऑक्टोबर होता तो. आमचं राज्य भाषेप्रमाणे तुटून तीन राज्यांत वाटलं जात होतं. कचेरीत फायलींची वाटणी चालली होती, ही मुंबईची, ही आंध्राची, ही म्हैसूरची. मी मुकाट्यानं शिक्के मारायचो आणि घरी येऊन पडायचो.

गंगूच्या डोक्यात मागे जाडजूड जट झाली होती. तिचा सुगावा लागून हे रिठेबुवा अवतरले होते.

"हळद देवीची, साबण माझ्या हातचा, पण रंग? रंग तिच्या मर्जीचा!" बुवा डोळे फिरवून सांगत होते. "पिवळं उतरलं तर पोर तुमची. लाल उतरलं तर पोर तिची. मी कोण, मी नुसता तांब्या ओतणारा!"

परवा याच पाटावर कंत्राटदार आबासाहेबांच्या मुलीचं पाणी पिवळं उतरलं होतं. बुवांच्या खांद्यावरची नवी शाल आबासाहेबांचीच होती.

"पुनवेला पोरीला मठात आणून सोडा. शाळा बंद. परडी घेऊन जोगवा मागेल. कबूल?"

"हौ," मी म्हणालो.

"बाबा, आन माझी शाळा?" गंगूनं विचारलं.

"देवीच्या मनात आहे, बाळ." हे मी बोललो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गंगू रडली नाही. परातीत बोट बुडवून ते बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, हे तर कुंकवाचं पाणी. आई हळदीत चुना आन पापडखार घालायची, तवा असंच लाल व्हायचं. परात मीच धरायची की."

"गप! देवीची चेष्टा करतेस?" बुवा खेकसले.

"लेकराला कायकू दटावता?" शेजारच्या चतुराबाई पुढे झाल्या. घरच्या घरी साबण करून करून त्यांच्या हातांची सालं निघालेली. "साबणात खारच असतो, बुवा. थांबा जरा."

त्यांनी घरून हळद आणि स्वतःचा साबण आणला. ताटात कालवला. लाल! मग त्यावर शिकेकाई आणि चिंचेचं पाणी ओतलं. पिवळं! "घ्या, देवीनं मन बदललं," त्या म्हणाल्या. बुवांच्या मागे झाकलेला दुसरा तांब्या होता. चतुराबाईंनी तो उचलून हुंगला. "चिंच! आबासाहेबांच्या पोरीला हाच ओतला ना?"

तिथल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या कपाळावर तोच लाल रंग होता, हळदीपासून केलेला. तरी गंगू बोलेपर्यंत एकीलाही सुचलं नाही, आणि मलाही नाही. बुवांनी झोळी उचलून काढता पाय घेतला.

"पण मग ही जट?" मी विचारलं.

चतुराबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नामदेवराव, तारामती गेल्यापासून पोरीचं डोकं कुणी विंचरलंय?"

मी गंगूला घेऊन घरात गेलो आणि तारामतीची फणी शोधून काढली.

त्यानंतर चार दिवस कचेरीतून आलो की गंगूला पुढ्यात बसवायचो. तेल चोळायचं, रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं, खालच्या टोकापासून एकेक केस सोडवायचा. ती "आई गं" म्हणायची, मी थांबायचो. चौथ्या दिवशी फणी वरपासून खालपर्यंत अडकल्याशिवाय गेली, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा मी हमसून हमसून रडलो.

ती जट देवीची नव्हती, माझ्या दुर्लक्षाची होती. म्हणून सांगतो, पाणी लाल झालं की हात जोडण्याआधी त्यात काय घातलंय ते विचारा. आणि घरातल्या पोरीच्या डोक्यात जट दिसली, तर बुवा शोधू नका. फणी शोधा, आणि तिला जवळ घेऊन बसा.