डाळिंबाची वाटी

कडूबाने दोन्ही अंगठ्यांनी डाळिंब फोडलं, तेव्हा पहिला लाल थेंब उडाला तो सुनेने वाळत घातलेल्या पांढऱ्या टॉवेलवर. दुसरा त्याच्याच मिशीवर. आयुष्यात या माणसाने घरात केळंसुद्धा स्वतः सोललं नव्हतं. आणि आता हसनाबादच्या घराच्या ओसरीवर मांडी ठोकून तो रोज सकाळी एकेक दाणा वाटीत वेचायचा.

वाटी त्याने बायकोपुढे सरकवली. झुंबरबाईने ती परत सरकवली.

"तुमी घ्या आधी."

"अगं, दवा तुह्यासाठी हाय."

"आधी तुमी."

सून कोण, नातवंडं कुणाची, हे ती दिवाळीपासून विसरली होती. कौसल्येला रोज विचारायची, "बाई, तुमचं गाव कोणतं?" आणि कौसल्या रोज नव्याने सांगायची, "जाफराबाद." पण नवऱ्याच्या आधी खायचं नाही, हे मात्र कुठल्या कोनाड्यात घट्ट बसलं होतं कोण जाणे. त्यामुळे अर्धी दवा कडूबाच्याच पोटात जायची. केव्हाच मेलेल्या बैलाचं कोणतं शिंग वाकडं होतं, हेही त्याला हल्ली आठवू लागलं होतं.

उपाय पुंजारामचा, म्हणजे लेकाचा. त्याने पेपरात वाचलं होतं की डाळिंब, जांभूळ, काळी द्राक्षं यांत पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात आणि ती मेंदूला जपत असावीत. जालन्याच्या डॉक्टरांनी कात्रण वाचून परत दिलं.

"यांच्या मेंदूच्या पेशी झिजत चालल्यात. प्रयोग झालेत ते उंदरांवर. माणसाचं अजून सांगता येत नाही. खाऊ द्या, पण फार आस धरू नका."

"उंदरायचं काय झालं मंग?" कडूबाने विचारलं.

"वाट विसरेनासे झाले."

"आमच्या घरचे तं बिगर डाळिंबाचेच न्हाई विसरत."

डॉक्टर हसले. कडूबा हसला नाही. घरात ती अजून त्याला एकट्याला ओळखत होती. तेवढं राहावं, बाकी काही त्याचं मागणं नव्हतं. बाहेर येताच त्याने भाव न करता पिशवीभर डाळिंबं घेतली.

उन्हाळा लागला. एका सकाळी पुंजाराम आईसमोर उकिडवा बसला.

"माय, मला वळखलं का?"

पाहुण्याकडे बघून हसावं तशी ती हसली.

"बरं, हे कोण हायेत?"

झुंबरबाईने कडूबाकडे नीट निरखून पाहिलं.

"हा व्हय? हा कडूबा न्हाई का!"

पुंजाराम उडालाच.

"दादा, नाव सांगितलं! बराबर सांगितलं! डॉक्टरला फोन लावून येतो."

आणि चप्पल न घालताच तो एसटीडी बूथकडे पळत सुटला.

कौसल्या भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. लग्नात, बारशात, हळदीकुंकवात बायका दार अडवून उभ्या राहायच्या. तरी सासूबाईंनी उखाण्यातसुद्धा ते नाव कधी घेतलं नव्हतं. तोंडात पदर कोंबून पळून जायच्या. कौसल्येने सासऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

झुंबरबाई अजून कडूबाकडे बघत होती, आपलं चुकलं तर नाही ना, अशा नजरेने.

कडूबाने धोतराच्या सोग्याला बोटं पुसली. जरा सरकून, दोघांच्या मध्ये थोडी जागा सोडून बसला.

"बराबर वळखलं, बाई," तो म्हणाला. "कडूबाच."