आप्पासोंच्या मेंढ्याचा फोटो

लोणंदची समीक्षा जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात मोबाईलवरच्या ‘शेळी-मेंढी मदत’ ग्रुपवर फुकट सल्ला द्यायची. लष्कराच्या भाकऱ्याच त्या, पण ती हौसेनं भाजायची. ग्रुपचा नियम एकच. आधी जनावराचा फोटो, मग उत्तर.

रविवारी दुपारी आटपाडीच्या आप्पासोंचा आवाज ग्रुपवर आला. "मेंढ्याचं पोट लय फुगलंया. औशद सांगा. बिगीबिगी."

समीक्षानं फोटो मागितला.

"फोटो मिळायचा न्हाई."

तिनं नियम सांगितला. त्यावर आप्पासो म्हणाले, "सांगायचं नसंल तर दुकान कशाला मांडलंय?"

समीक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. मदत फुकट आणि वर तोरा केवढा. ती त्यांना ग्रुपमधून काढणारच होती, तेवढ्यात शेजारी भाजी निवडत बसलेली तिची आई साळूबाई म्हणाली, "आगं, जत्रंत मिरवायचा मेंढा असंल. त्येचा फोटो परक्याला कोन दील? दिष्ट लागती."

समीक्षा वरमली. धनगराच्या घरात वाढून आपल्याला हे सुचू नये, याची तिला लाज वाटली. तिकडे मेंढा तडफडत होता आणि ती इथं मानपान धरून बसली होती. तिनं सरळ फोन लावला.

"आप्पा, फोटो ऱ्हाऊ द्या. फोन मेंढ्याच्या डाव्या कुशीला धरा आन बोटानं टिचकी मारा."

ढोलकी वाजावी तसा आवाज आला. पोटात वायू धरला होता. गोडेतेल किती आणि कसं पाजायचं ते तिनं सांगितलं, गावातल्या डॉक्टरांनाही बोलवायला लावलं. संध्याकाळी मेंढा रवंथ करायला लागला. आप्पासोंनी आभारबिभार काही मानले नाहीत. "आता मीबी ग्रुपात मदतीला बसतो," एवढंच म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी गुंडा नावाच्या कुणीतरी विचारलं, "शेळी लंगडतीया. विलाज सांगा, लवकर."

आप्पासो सरसावले. "कवापासनं? कुठला पाय?"

"विलाज सांगायला बसलाय का चौकशी करायला?"

लगेच समीक्षाचा फोन वाजला. "पोरी, ह्या गुंडाला काढून टाक. लय आडमुठा मानूस हाय. विचारल्यालं सांगत न्हाई, वर मलाच दटावतोय."

समीक्षाला हसू आवरेना. "आप्पा, शेळी त्येची आजारी हाय. जीव थाऱ्यावर नसंल त्येचा."



"व्हय," आप्पासो म्हणाले. "माझाबी न्हवता."