सरदारांच्या दंडावर

गल्लीत त्यांना सगळे सरदार म्हणत. पेशाने प्लंबर, पण रविवारी मैदानावर जुन्या काळच्या लढाया लढणाऱ्या हौशी मंडळींत रमायचे. छातीवरचं चिलखत जुन्या गीझरच्या पत्र्याचं. त्याला आतून गादी शिवून दिली होती बायकोनेच. तिचं शिवणकामाचं दुकान होतं. देताना मात्र म्हणाली होती, "आधी घरचा गळका नळ जिंका, मग राज्यं जिंका!"

अकरा वर्षांत ती मैदानाकडे एकदाही फिरकली नव्हती. पण सरदारांच्या गुडघ्याने दगा दिला, डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, आणि आजची लढत शेवटची ठरली. म्हणून हातातलं काम अर्धवट टाकून ती आली, मापाची टेप गळ्यात तशीच.

आली आणि तिचं तोंडच उतरलं. प्रत्येक लढवय्याच्या दंडाला त्याच्या बायकोचा रुमाल नाहीतर ओढणीचा तुकडा बांधलेला. तिच्या नवऱ्याचा दंड तेवढा मोकळा. इतक्या वर्षांत आपली एक चिंधीसुद्धा मागावीशी वाटली नाही यांना? तिला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला.

शेजारी दाताचे डॉक्टर डोक्यावर लोखंडी टोप चढवत होते. तिने त्यांनाच विचारलं.

"वहिनी, जुना नियम आहे," ते म्हणाले. "बायकोने आपणहून द्यायचं, वीराने मागायचं नाही. आम्ही सगळे मागूनच आणतो, कोण बघतंय! हा एकटाच वेडा. म्हणतो, मागून घेतलेला कसला मान? अकरा वर्षं वाट बघतोय."

ती तरातरा मैदानात गेली.

"हात पुढे करा."

"अगं, लढत सुरू होतेय..."

"करा म्हणते ना!"

गळ्यातली टेप काढून तिने त्यांच्या दंडाला करकचून बांधली. सरदारांचे डोळे भरून आले.

"तुला कोणी सांगितलं का?"

"कोण सांगणार?" ती धडधडीत खोटं बोलली. "मनात आलं, दिली."

दाताच्या डॉक्टरांनी सरदारांना बघता बघता लोळवलं. पडल्या पडल्याही ते हसत होते.

सोमवारी दुकानात गिऱ्हाईक आलं, तशी ती टेप मागायला घरात गेली. सरदार दंड धरून बसले होते.

"परत द्यायची नसते, असाही नियम आहे का?" तिने विचारलं.

सरदारांना खोटं बोलता येत नसे. "नाही," ते म्हणाले. "पण देणार नाही."

तिने त्या दिवशी सगळी मापं सुतळीने घेतली.