बिनरोलचा फोटो

फोटो काढणाऱ्याले थोडंफार खोटं करावंच लागते. टकल्याले केस द्या, तिरळा डोळा सरळ करा, मेलेल्या म्हाताऱ्याचे डोळे ब्रशनं उघडा. सेलूले बसस्टँडच्या समोर माहा स्टुडिओ आहे, तिथं मी हे सारं केलं अन् त्याची मले काडीची लाज नाई. लोक खुशीनं घेऊन जातेत, भिंतीवर टांगतेत. पण एक फोटो मी काढलाच नाई, अन् काढला म्हणून सांगतलं. त्याची लाज मात्र अजून जात नाई.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. पुण्याहून मोघे साहेब म्हणून एक जण आलते. भला माणूस. भाजीपाला पिकवणाऱ्या लोकाइचं जगणं त्याइले दाखवायचं होतं. पडद्यावर एकामागं एक रंगीत फोटो पडणार, अन् संगं टेपवर त्याच लोकाइचं बोलणं, मोटेचं पाणी, बाजाराचा कल्ला वाजणार, असा तो कार्यक्रम. आमच्याकडचे मळे मले ठाऊक, लोक वळखीचे, म्हणून साहेबानं मले सोबत घेतलं.

आता आमच्या लोकाइची एक खोड आहे. फोटोवाला दिसला की वांगे तोडणारी बाई टोपलं टाकून घरात पळते. तोंड धुते, पावडर लावते, पेटीतलं लुगडं काढते, अन् बाहेर येऊन अशी ताठ उभी राहते की जशी पोलिसानं पकडली. मोघे साहेब कपाळाले हात लावत. "सदाशिवराव, मला त्या जशा आहेत तशा हव्यात हो!" म्हणत. अन् त्याइचा तो रंगीत रोल भल्ला महाग, मिळतही नव्हता. एकेक फोटो जपून काढावा लागे.

तर मी त्याइले तोड सांगतली. माह्याजवळ माहा जुना कॅमेरा होता, फ्लॅशवाला. म्हटलं, साहेब, मी यात रोलच टाकत नाई. पहिले यांना नटूथटू द्या, उभे राहू द्या, मी लखकन फ्लॅश मारतो. दिवसाउजेडी फ्लॅशचं काई काम नसते, पण लोकाइले चमकलं की फोटो निघाला असं वाटते. मंग ते कपडे बदलून कामाले लागतेत, तेव्हा तुम्ही तुमचे खरे फोटो काढा.

साहेबाले हे पटेना. "ही फसवणूक आहे," म्हणाले.

"अहो, कोणाच्या बापाचं काय जाते?" मी म्हटलं.

उचलली जीभ लावली टाळ्याले. साहेबानं मान डोलावली. त्याइलेही काम उरकायचं होतं.

चार-पाच मळ्यात हेच केलं, मस्त जमलं. मंग नाल्याकाठी नत्थूजीच्या मळ्यात गेलो. नत्थूजी म्हणजे हडकुळा, बुटका माणूस. बोलणं कमी. अंगात फाटकी बंडी, हातात फावडं, वांग्याच्या सरीत पाणी वळवून राह्यलता. त्याची बायको शकुबाई त्याच्याहून टीचभर उंच अन् दहापट बोलकी. आम्हाले पाह्यलं अन् तिनं फर्मान सोडलं, "फोटो काढाचा त जोडीनं! अन् ह्या बंडीत नाई. जा वो, रूपरावचा कोट घेऊन या."

रूपराव बाजूच्या मळ्याचा. नत्थूजी गेला, काळा कोट घालून आला. कोटाच्या बाह्यात त्याचे हात बोटापर्यंत बुडाले. शकुबाई हिरवं लुगडं नेसून आली. विहिरीच्या काठाले दोघं उभे राहिले, मधात एवढी जागा की बैल जाईल. मले टिंगल सुचली, मी काईतरी बोललो, सगळे हासले. नत्थूजी इकडे पाहेना. "नत्थूजी, इकडे! इकडे पाहा न!" मी दोनदा ओरडलो. मंग म्हटलं, जाऊ द्या, रोल थोडाच आहे आत. मारला फ्लॅश.

"झाला का वो भाऊ?" शकुबाईनं विचारलं.

"झाला! फस्क्लास!"

कोट गेला, लुगडं गेलं, दोघंही सरीत उतरले. मंग साहेबानं तासभर फोटो काढले. वांगं तोडणारे तिचे हात. नत्थूजीची पाठ. सरीतलं पाणी. टेपवर त्या पाण्याचा आवाज. साहेब खूश, मी खूश.

खरी गंमत मंग सुरू झाली. दर बाजाराले शकुबाई वांगे, भेदरं म्हणजे टमाटे घेऊन सेलूले येणारच, अन् मी भाजी घ्याले जाणारच. मी दिसलो की ती ओरडे, "आला का वो भाऊ फोटो?" मी म्हणो, "पुण्याले गेला आहे बाई. धुऊन येईन." ती हासे, अन् माह्या थैलीत सांभाराची एक जुडी वरून टाके. "घेऊन जा. घरच्याइले देजा." सांभार म्हणजे कोथिंबीर, पण आमच्याकडे कोथिंबीर म्हटलं की दुकानदार समजते, हा पुण्याचा. असा दोन वर्ष मी त्या बाईचा सांभार खाल्ला. कधी वाटे, सांगून टाकावं. पण चोराच्या मनात चांदणं. आज नाई, पुढच्या बाजाराले सांगू, असं करत राह्यलो.

ऐंशीच्या उन्हाळ्यात नत्थूजी गेला. पोट दुखते म्हणता म्हणता दोन दिवसात. तेरवी झाली अन् शकुबाई पहिल्यांदा माह्या स्टुडिओची पायरी चढली. पांढऱ्या कपाळानं. आवाज खाली बसलेला.

"भाऊ, आता तरी तो फोटो आणा वो. त्याचा दुसरा फोटोच नाई."

अरे, तेव्हा तरी सांगावं की नाई! माह्यानं नाई झालं. "आणतो," म्हटलं.

साहेबाले पत्र लिहिलं. त्याइनं नत्थूजीचे दोन-तीन अन् शकुबाईचा एक, असे फोटो पाठवले. मी आठ दिवस बसलो. कैचीनं दोघं कापले, बाजूबाजूले चिकटवले, नत्थूजीच्या बंडीवर ब्रशनं काळा कोट रंगवला, खाली पाहणारे डोळे समोर आणले, मंग त्या साऱ्याचा पुन्हा एक फोटो काढला. मी सांगतो, कोणाच्या बापाले समजलं नसतं. इतकं चांगलं काम मी जिंदगीत केलं नव्हतं.

शकुबाईनं फोटो हातात घेतला. दाराशी नेऊन उजेडात पाह्यला. किती वेळ पाह्यला, मले सांगता येत नाई.

"हात कुठं आहे?" तिनं विचारलं.

"कोणता हात?"

"त्याचा. माह्या खांद्यावरचा." ती माह्याकडे वळली. "तुम्हीच त म्हटलं होतं न, नत्थूजी, शहरात जोडीनं फोटो काढतेत त बायकोच्या खांद्यावर हात ठेवतेत. तुम्ही सारे हासले. मले वाटलं, हा काई ठेवत नाई. अन् तो जवळ सरकला, त्यानं हात कोटाले पुसला, अन् ठेवला." तिनं आपल्या खांद्याले हात लावला. "लग्नाले एकवीस वर्ष झाले होते, भाऊ. चारचौघात त्यानं मले हात लावला तो त्या दिवशीच. तो हात कुठं आहे?"

माह्या टिंगलीचं मी विसरून गेलतो. सपशेल. मी केली, मी हासलो अन् मीच विसरलो. अन् ही बाई दोन वर्ष दर बाजाराले त्या हातासाठी विचारून राह्यली होती.

मंग माह्यानं राहवलं नाई. सारं सांगतलं. रोल नव्हता, नुसता फ्लॅश होता, हा फोटो मी कापून चिकटवून केला.

मले वाटलं, रडन. ती रडली नाई. तो फोटो तिनं टेबलावर उलटा ठेवला.

"दोन वर्ष माहा सांभार खाल्ला तुनं," ती म्हणाली. 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती. "तोंडाकडे पाहून खाल्ला."

अन् पायऱ्या उतरून गेली. पुढच्या बाजाराले मी गेलो त तिनं तोंड फिरवलं. तिच्या बाजूच्या शालूबाईकडून मी वांगे घेतले. वांगे चांगले होते, पण वरून सांभार नव्हता.

एक्क्याऐंशीच्या सुरुवातीले मोघे साहेब कार्यक्रम घेऊन आले. म्हणाले, ज्यांचे फोटो त्यांना पहिले दाखवू. नत्थूजीच्या गावातल्या शाळेची मोठी खोली घेतली, दुपारचीच वेळ, खिडक्यांना पोते लावून अंधार केला, भिंतीवर धोतर ताणलं. साहेबाले मी आदल्या दिवशीच शकुबाईचं सारं सांगतलं होतं. त्याइचं तोंड पडलं. "चूक माझीही आहे, सदाशिवराव. मी मान डोलावली होती," म्हणाले.

सारं गाव आलतं. शकुबाई येईन असं मले वाटलं नव्हतं, पण आली, मागं भिंतीशी बसली. फोटो पाडायची मशीन सुरू झाली. आपले वांगे एवढे मोठे, एवढे जांभळे पाहून बाया तोंडाले पदर लावून हासू लागल्या. "अवं, हे त माहं टोपलं!" टेपवर पाणी खळाळून राह्यलं. मंग नत्थूजीची पाठ आली. बंडीचं भोक सुद्धा दिसे. बायाइचं हासणं थांबलं. रूपराव म्हणाला, "नत्थू होय." बस.

कार्यक्रम संपला, लोक रूपरावच्या घरी चहाले निघाले. फोटो संपले होते, पण मशीन सुरूच होती, अन् धोतरावर नुसता पांढरा उजेड पडून राह्यलता. साहेब वायर गुंडाळू लागले. पाहतो त शकुबाई उठलीच नव्हती.

मी जवळ गेलो. मार खावा लागला तरी खावा, असं ठरवलं होतं.

"भाऊ," ती धोतराकडे पाहतच बोलली, "एक विचारतो. खरं सांगजो."

"विचारा बाई."

"त्यानं हात ठेवला तवा मले एवढी लाज वाटली का मी खालीच पाहून राह्यली. माती पाह्यली, त्याचे पाय पाह्यले. त्याचं तोंड काई पाह्यलं नाई. म्हटलं, काऊन घाई कराची, फोटोत पाहीन." तिचा आवाज फाटला. "तुम्ही दोघं समोर होते. कसा दिसे तो? हासे का?"

घ्या! हे होतं तर. हात नाई, कोट नाई. तिले तोंड पाहायचं होतं.

'हासे' म्हणून सांगणं सोपं होतं. जिभेवर आलं होतं. पण या बाईशी आता एक शब्द खोटा बोलायचा नव्हता. मी डोळे मिटले, ती विहीर आठवली, तो कोट, मी ओरडून राह्यलो ते.

"हासत नव्हता," मी म्हटलं. "तो माह्याकडे पाहतच नव्हता. मी दोनदा ओरडलो, नत्थूजी, इकडे पाहा. त्यानं आयकलंच नाई. तो तुमच्याकडे पाहून राह्यलता."

तिनं माह्याकडे वळून पाह्यलं.

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यला का?"

"नाई बाई. नत्थूजीची शपथ." अन् मंग मले तेव्हाच उमजलं ते मी तिले सांगतलं. "आत रोल असता न, त मी त्याले असं पाहूच दिलं नसतं. हनुवटी धरून मान सरळ केली असती. जोडीचा फोटो, दोघंही समोर पायजे. रोल नव्हता म्हणून म्हटलं, पाहू दे त्याले तिकडे."

मोघे साहेब मागून बोलले, "खरं आहे, बाई. मीही पाहिलं. ते तुमच्याकडेच पाहत होते."

शकुबाईनं मान खाली घातली. मंग ती रडली. तेरवीतही नसन रडली अशी, आवाज करून, शाळेच्या फरशीवर बसून. साहेबानं मशीन बंद करायले हात पुढं केला. "राहू द्या," ती म्हणाली, म्हणून त्याइनं तसाच मागं घेतला. आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. काय करावं हे दोघांनाही समजेना.

पुढच्या बाजाराले मी तिच्यासमोरून मान खाली घालून चाललो होतो. "ओ फोटोवाले!" मागून आवाज आला. थांबलो. तिनं अर्धा किलो वांगे तोलले, वरून सांभाराची जुडी माह्या थैलीत टाकली.

"आता खाजा," म्हणे.