दुसरी आकृती

कंपास सरांच्या पोटात दुखत होतं ते नव्या बाईंमुळे. डॉक्टरकडे जाऊन उपयोग नव्हता, कारण हे दुखणं सहामाहीच्या निकालाबरोबर सुरू झालं होतं. गणितात नववीची ‘ब’ तुकडी ‘अ’च्या पुढे गेली होती. ‘अ’ सरांची, ‘ब’ नव्या बाईंची. आणि जखमेवर मीठ म्हणजे सरांची स्वतःची लेक ‘ब’मध्ये होती.

कंपास हे नाव मुलांनी ठेवलेलं. सर फळ्यावर नुसत्या हातानं असा गोल काढत की खऱ्या कंपासानं लाजावं. गणित सोडवायला लागले की खडू थांबत नसे. मुलं माना डोलावत, भराभर उतरवून घेत, आणि तेच गणित आकडे बदलून परीक्षेत आलं की पेनाचं टोपण चावत बसत. "लक्षच नसतं लेकाच्यांचं," असं सर म्हणत आणि विषय तिथंच मिटत असे.

घरीही तोच प्रकार. मुंगी, म्हणजे लेक, लहानपणापासून अडलं की त्यांच्याकडे पळत येई. सर "आण इकडे" म्हणून तिच्या हातातली पेन्सिल काढून घेत आणि चुटकीसरशी गणित सोडवून दाखवत. "कळलं?" "कळलं." गृहपाठ आरशासारखा लख्ख, परीक्षेत मात्र बोंब. पण जेवणाच्या टेबलावरचा हा कार्यक्रम म्हणजे सरांच्या दिवसाचं सार्थक होतं.

यंदा तो कार्यक्रमच बंद पडला. मुंगी आता सोडवलेलं उदाहरण वाचायची, पुस्तक मिटायची आणि कोऱ्या कागदावर तेच आपलं आपण करून बघायची. चुकलं तर खोडायची नाही. बाजूला लिहून ठेवायची, घसरले ते कुठे आणि का. मध्येच मागच्या धड्यातली गणितं उकरून काढायची. सर टेबलाभोवती घिरट्या घालत.

"अडलंय का कुठे?"

"हो."

"मग आण इकडे."

"नको बाबा. बाई म्हणतात, आधी नीट अडू द्यायचं."

बाई म्हणतात! सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काल आलेली ही बाई, आणि आता या घरात तिचा शब्द प्रमाण.

त्यांची बायको औषधाच्या दुकानातल्या कामावरून नुकतीच आली होती. चप्पल काढता काढता म्हणाली, "अहो, गुण वाढलेत ना पोरीचे? मग एवढं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

"मला आनंदच आहे," सर म्हणाले. आनंद कसला! गुण कमी पडले असते तर ती परत आपल्याकडे आली असती, असंसुद्धा त्यांच्या मनात येऊन गेलं. बाप असून असं वाटावं याची त्यांना लाज वाटली. पण लाज काही टिकली नाही. जळफळाट टिकला.

शेवटी ते मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका.

"त्या वर्गात शिकवतच नाहीत," सर म्हणाले. "गणित लिहितात आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहतात. पगार कशाचा घेतात?"

मोठ्या बाईंना फायलींतून डोकं वर काढायला फुरसत नव्हती. "एक दिवस मागच्या बाकावर बसून बघा ना सर. आणि मला सांगा."

सरांना दुसरं काय हवं होतं! दुसऱ्याच दिवशी ते ‘ब’च्या शेवटच्या बाकावर गुडघे आखडून बसले. नव्या बाईंनी फळ्यावर लिहिलं: वर्तुळाची त्रिज्या तेरा, त्यात दोन समांतर जीवा, एक चोवीस लांबीची, एक दहा. दोन्ही जीवांमधलं अंतर काढा. मग त्यांनी खडू मुंगीच्या हातात दिला आणि खरंच खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

मुंगीनं वर्तुळ काढलं. तेसुद्धा कंपास लावून. सरांना तेही लागलं. केंद्राच्या वर एक जीवा, खाली दुसरी. केंद्रातून दोन्ही जीवांवर लंब. लंब जीवेला दुभागतो, पुढे पायथागोरस. पहिली जीवा केंद्रापासून पाचावर, दुसरी बारावर. एवढं रीतसर आलं. आता बेरीज केली की संपलं. आणि नेमकी तिथं मुंगी थांबली. हातातला खडू हातात, नजर आकृतीवर.

बाई आपल्या मैदानाकडे बघतायत.

सरांचे हात शिवशिवायला लागले. पोर चारचौघांत अडलीय आणि ही बया बाहेर बघतेय! ते उठले, तरातरा फळ्यापाशी गेले, "आण इकडे" म्हणाले आणि लेकीच्या हातातला खडू काढून घेतला. तिची आकृती पुसली. नुसत्या हातानं गरगरीत गोल काढला, दोन जीवा, दोन लंब, आणि खाली ठसठशीत लिहिलं, पाच अधिक बारा, सतरा. पोरांनी टाळ्या पिटल्या. सरांची मान ताठ झाली. बाई फळ्याकडे बघत राहिल्या, बोलल्या काहीच नाहीत. मुंगी ओठ मिटून जागेवर जाऊन बसली.

"बाई, फळा पुसू?" मॉनिटरनं विचारलं.

"नको, राहू दे."

सरांना वाटलं, हा आपला मान राखला.

संध्याकाळी मुंगी टेबलावर आलीच नाही. आतल्या खोलीत दार लोटून बसली. सर बराच वेळ वर्तमानपत्र उलटंसुलटं करत राहिले, मग न राहवून आत गेले.

"काय झालं गं?"

"मी अडले नव्हते बाबा. मी विचार करत होते."

"त्यात विचार कसला? बेरीज तेवढी राहिली होती."

तिनं कागद पुढे सरकवला. त्यावर दोन आकृत्या होत्या. पहिली सरांचीच. दुसरीत दोन्ही जीवा केंद्राच्या एकाच बाजूला होत्या. बारा वजा पाच, सात.

"विरुद्ध बाजूंना आहेत असं गणितात कुठे म्हटलंय? दोन उत्तरं येतात. मला ते सुचतच होतं," मुंगीचा आवाज चिरकला, "तेवढ्यात तुम्ही खडू घेतलात."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पुस्तकात हे गणित नेहमी ‘केंद्राच्या विरुद्ध बाजूंना’ असं म्हणूनच येई, आणि त्यांचा हात वर्षानुवर्षं तसाच चालत आलेला. न वाचताच चालला होता.

"बाईंच्या लक्षात आलं?"

"त्यांनी मुद्दामच तसं घातलं होतं."

"मग बोलल्या का नाहीत?"

"त्या कुणाच्याच हातातून काढून घेत नाहीत," मुंगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर ‘ब’च्या दारात उभे राहिले. फळ्यावर त्यांचा गरगरीत गोल आणि सतरा तसेच होते.

"काल माझं गणित अर्धंच राहिलं," ते म्हणाले. त्यांनी खडू मुंगीपुढे धरला आणि स्वतः खिडकीपाशी, बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागे घट्ट धरून.

मुंगीनं त्यांच्या गोलाशेजारी दुसरा काढला. मध्येच पाच वजा बारा लिहून बसली. सरांच्या ओठांवर "अगं" आलं होतं, ते त्यांनी गिळलं. तिचं तिलाच दिसलं. रेघ मारून तिनं बाजूला नीट लिहिलं, सात.

आता ती वळणार. वळून कुणाकडे बघणार? आधी बाईंकडे बघितलं तर आपल्याच्यानं सोसवणार नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं.

मुंगी वळलीच नाही. एक पाऊल मागे सरकली, दोन्ही आकृत्या पुन्हा नजरेखालून घातल्या, "बरोबर आहे," असं स्वतःशीच म्हणाली आणि खडू ठेवून जागेवर जाऊन बसली.

सरांनी बाईंकडे पाहिलं. बाई मैदानाकडे तोंड करून हलकेच म्हणाल्या, "माझ्याकडेही बघत नाही हो ती आता. आधी बघायची."